हत्तीच्या भिंतीखालचा पूल

मित्रांनो, मी एक जुना पूल आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मध्यंतरी अशी वेळ आली होती की मी पूल आहे, ही गोष्ट माझ्याखेरीज कोणालाच आठवत नव्हती. आणि पुलानं स्वतः ओरडून सांगावं, तर पुलाला तोंड असतं ते पाणी जायला, बोलायला नाही.

बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालकडे जाणाऱ्या रस्त्याला एक नाला आडवा येतो. त्याला बोरनाला म्हणतात. वर्षातले बहुतेक महिने आपण नाला आहोत हे त्याला स्वतःलाही आठवत नाही. तळाशी बेशरमाची झुडपं, झुडपांत शेळ्या, आणि कुठेतरी एका पायातली चप्पल. पण वर सातपुड्यात पाऊस कोसळला की त्याच्या अंगात येतं. मग तो झाडं, ओंडके, कोणाच्या तरी गोठ्याचं छप्पर, असं हाताला लागेल ते घेऊन धावत सुटतो. त्या नाल्यावर मी तीन कमानींवर उभा आहे. मधल्या आणि पलीकडच्या कमानीतून पाणी जातं. गावाकडची कमान जरा उंचावर आहे. मोठा पूर आला तरच तिथे पाणी शिरतं.

माझा जन्म इंग्रजांच्या काळातला. काळा दगड डोंगराच्या पायथ्याहून गाड्यांवर आला. चुना दगडी घाण्यात घालून बैल फिरवून मळला. त्यात गूळ टाकला, बेलफळाचा गर टाकला. माझ्या घडणीत गूळ असल्यामुळे माझा स्वभाव गोड झाला, असं मला वाटतं. मुंग्यांचंही तेच मत आहे.

माझ्यात लोखंड नाही, सिमेंट नाही. माझे दगड एकमेकांना रेलून उभे आहेत. कमानीचा स्वभाव असा, की वरून जितका भार द्याल तितकी ती घट्ट होते. मात्र एक अट आहे. तिच्या दोन्ही खांद्यांमागे माती ठासून भरलेली पाहिजे आणि पायाखालची जमीन जागची हलता कामा नये. वरून हत्ती गेला तरी मी हूं का चूं करणार नाही. खांद्यामागची माती काढली, तर मात्र एखादी शेळी वरून जातानाही मला घाम फुटेल. ही अट तेवढी ध्यानात ठेवा. पुढे तिचीच कथा आहे.

मी बांधून झालो तेव्हा एक साहेब घोड्यावरून आला आणि त्याच्या नावाची एक कोनशिला माझ्या कठड्यात बसवली गेली. ती पुढे कोणीतरी उचलून घरी नेली. आज तिच्यावर कपडे धुतात. साहेबाच्या नावावर रोज कोणाचं तरी धोतर स्वच्छ होतं. सरकारी कामाचा इतका टिकाऊ उपयोग मी दुसरा पाहिला नाही.

माझ्या उमेदीची वर्षं कापसाच्या गाड्यांत गेली. दिवाळीच्या सुमाराला गाड्यांची रांग लागायची. बैलांच्या घुंगरांनी माझे दगड गुणगुणायचे. कापसाचे पुंजके बाजूच्या बाभळींना चिकटायचे आणि बाभळीलाही बोंडं लागली आहेत असं वाटायचं. नंतर ट्रॅक्टर आले, ट्रक आले. सगळा कापूस माझ्या पाठीवरून खामगावला जायचा. म्हाताऱ्या बायका पूल ओलांडताना मला हात लावून तो कपाळाला लावायच्या. मी फुशारून जायचो. पण पुलाला फुगता येत नाही, म्हणून गप्प बसायचो.

मग बीटी आलं. बीटीचं बियाणं आलं, त्याच्यामागून जीपगाड्या आल्या, आणि जीपगाड्यांमागून कादर आला.

कादर हा पेंटर. वरवट बकालच्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. ‘हत्ती छाप बीटी कापूस बियाणे’ अशी जाहिरात रंगवण्याचं काम त्याला मिळालं आणि गावाकडच्या कमानीवरचा माझा कठडा त्याच्या नजरेत भरला. समोर चहाची टपरी, येणारा-जाणारा तिथे थांबतोच. कादरनं तिथे कापसाच्या बोंडावर उभा असलेला एक हत्ती काढला. त्यानं आयुष्यात हत्ती पाहिलेला नव्हता. म्हशी मात्र रोज पाहायचा. त्यामुळे हत्तीच्या तोंडावर म्हशीचा समजूतदारपणा उतरला. सोंड मात्र निर्विवाद होती.

शेजारी वचन लिहिलं होतं: ‘बोंडअळी विसरा, घर भरा.’ पहिली काही वर्षं लोक खरोखर विसरले. मग बोंडअळीला लोकांची आठवण आली. पुढे एका वर्षी पानं लालभडक झाली, त्याला लाल्या म्हणाले. दुसऱ्या वर्षी पाऊसच रुसला. कादर दर मोसमात येऊन नवं वचन रंगवायचा. अक्षरं दरसाल मोठी होत गेली आणि बोंडं दरसाल बारीक. लाल्याच्या वर्षी कोणीतरी हत्तीला शेण मारलं. हत्तीनं ते निमूट सोसलं, कारण ते खरं तर मला लागलं होतं.

त्या वर्षांत संध्याकाळी माणसं माझ्या कठड्यावर येऊन नुसती बसायची. बोलायची नाहीत. माझ्या अंगावर बसलेल्या माणसाचं वजन मला नेहमी कळतं, पण त्या दिवसांत माणसं दिसायची त्याहून जड लागायची. दोघं-तिघं असे बसायचे, की ते उठेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. त्यांना उठवायचं काम झुंबरबाई करायची. “उठा बे, भाकर थंडी होऊन राह्यली! पुलाले काय तोंड दाखवता? घरी लेकरं वाट पाहून राह्यले!” असं ओरडत ती जायची आणि माणसं खरंच उठून घरी जायची. त्या बाईचं माझ्यावर असं एक ऋण आहे. बाकीची तिची करणी आता सांगतो.

झुंबरबाईचं घर माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. वेचणी आटोपली की शेतात कपाशीची वाळलेली झाडं उरतात, त्यांना पऱ्हाटी म्हणतात. ती उपटून, मोळ्या बांधून पावसाळ्याच्या चुलीसाठी ठेवतात. झुंबरबाईनं माझी गावाकडची कमान हेरली. वर छप्पर, खाली कोरडी जमीन, आणि भाडं कोणी मागत नाही. दरसाल ती तिथे मोळ्या रचायची. खालून वरपर्यंत, इतक्या गच्च की कमान आहे हेच बाहेरून दिसेना. समोर बेशरमाचं रान माजलेलं, मागे पऱ्हाटीची भिंत. आणि वर, कादरच्या हत्तीवर, ती शेणाच्या गोवऱ्या थापायची.

त्यावरून कादरशी तिचं वर्षानुवर्षं वाजायचं.

“मावशी, हत्तीच्या पोटावर काऊन थापता? माही रोजी हाय ते!”

“ऊन तिथीच पडते, त्याले मी काय करू? तुह्या हत्तीले म्हन, सरक जरासा.”

“कंपनीवाले पाह्यतील त काय म्हनतील?”

“म्हनतील, हत्ती जिता हाय. शेन देऊन राह्यला.”

कादर कपाळाला हात लावून गोवऱ्या काढायचा आणि बाई दुसऱ्या दिवशी नव्या थापायची. होता होता सारं गाव त्या कठड्याला ‘हत्तीची भिंत’ म्हणू लागलं. ‘हत्तीच्या भिंतीपाशी थांब’, ‘हत्तीच्या भिंतीपाशी उतर’. पूल हा शब्द कोणाच्या तोंडी राहिला नाही. माझ्या अंगावरचा हत्ती प्रसिद्ध झाला आणि मी त्याच्या मागे गेलो. मोठ्या माणसांच्या घरी असं होतं, असं ऐकून आहे.

अशात पाइपलाइनची बातमी आली. मित्रांनो, आमचा हा खारपाणपट्टा आहे. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. चहात साखर टाकावी तर ती मिठाशी भांडत बसते. डोंगराकडच्या धरणातून गोडं पाणी नळानं येणार म्हटल्यावर गावानं पेढे वाटले. मलाही आनंद झाला. पाइपावर माझा राग तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

काम आलं ते ऐन वेचणीच्या तोंडावर. आणि ते वर्ष साधं नव्हतं. सलग वाईट वर्षांनंतर पहिल्यांदा बोंडं अशी फुटली होती, की शेतं दुरून दुधासारखी दिसत होती. कापूस खामगावला नेऊन चार पैसे चांगल्या भावानं घ्यायचे, हे प्रत्येक घरानं मनाशी ठरवलं होतं. खामगावचा रस्ता माझ्यावरून. दुसरी वाट फेऱ्याची आणि काळ्या मातीची. पावसाचे चार थेंब पडले की त्या वाटेवर बैल पोटापर्यंत रुततो. आणि कापूस गावाबाहेर पडला नाही, तर दारात येऊन पडेल भावानं उचलणारा एक व्यापारी टपरीवर बसूनच होता. तो चहा फार सावकाश प्यायचा.

कामावरचा सुपरवायझर विहंग नावाचा पोरगा होता. पुण्याकडचा, नम्र, डोक्यावर पिवळी टोपी. त्यानं रस्त्याकडेनं चुन्याची रेघ मारत आणली आणि हत्तीपाशी येऊन थांबला. पुढे कठडा साधा, पांढरा होता. इकडे हत्ती. विहंगला वाटलं, पूल त्या पांढऱ्या कठड्यापासून सुरू होतो आणि अलीकडे आहे ती कोणीतरी बांधलेली जाहिरातीची भिंत. तरी पोरगा सरळ होता. त्यानं विचारलं. पण विचारलं सरपंच अर्जुनरावांना.

“काका, ही भिंत कोणाची?”

“हत्तीची,” बशीतला चहा फुंकत अर्जुनराव म्हणाले.

“म्हणजे?”

“हत्ती छापवाल्यायची. दरसाल येतात, रंगवतात, चालले जातात.”

“ग्रामपंचायतीची नाही ना?”

“नाई नाई. आपलं काई नाई तिथी.”

सरकारी कामावरच्या माणसानं काही विचारलं की आधी नाही म्हणायचं, ही अर्जुनरावांची जुनी शिस्त होती. एकदा जनगणनेवाल्यानं त्यांना ‘अर्जुनराव तुम्हीच का?’ असं विचारलं, तेव्हाही ते नाही म्हणाले होते.

विहंगचं समाधान झालं. रेघ पुढे गेली. हत्तीच्या पायाखालून वळून खाली नाल्यात उतरली. मग पिवळं खोदयंत्र आलं, ज्याला सगळे जेसीबीच म्हणतात, आणि त्यानं माझ्या गावाकडच्या खांद्यामागची माती उपसायला सुरुवात केली.

मित्रांनो, तुमच्या पाठीला कोणीतरी उशी लावलेली असावी आणि ती हळूच ओढून घ्यावी, तसं मला झालं. इतक्या वर्षांची ठासलेली माती बकेटभर निघायची आणि कमानीचे दगड त्या मोकळ्या जागेकडे कलायला बघायचे. मग चर खाली उतरला आणि माझ्या पायाला भिडला. सांध्यांतून चुना भुरभुरला. कमानीचा एक लहान दगड सुटून खाली पऱ्हाटीत पडला. माझ्यावरून ट्रक जात होते, आणि मला पहिल्यांदाच कळलं, की मी पडू शकतो.

मला वाचवायला कोणी धावून आलं, असं मी सांगितलं तर ती थाप होईल. धावून आली ती झुंबरबाई, आणि ती आली पऱ्हाटीसाठी.

ती चुलीसाठी मोळी ओढायला खाली उतरली होती. डोक्यावर चुना पडला, पुढ्यात दगड पडला. तिनं वर पाहिलं आणि तिची खात्री पटली, की कोणीतरी वरून भोक पाडून तिची पऱ्हाटी पळवायला बघतंय. तिनं मोळ्यांवर बैठक मारली आणि तिथूनच आवाज लावला, “कोन हाय बे वरते? माह्या पऱ्हाटीले हात लावला त हात ठिवणार नाई जाग्यावर!”

नेमक्या त्याच वेळी वर यंत्राला वळायला जागा हवी, म्हणून विहंगनं भिंत पाडायला सांगितली होती. बकेटचा पहिला दात बसला तो हत्तीच्या सोंडेवर. टपरीवर कादर होता. त्याच्या हातातला कप तिथेच राहिला.

“ओ भाऊ! रुको, रुको! माहा हत्ती!” करत तो धावला आणि हात पसरून हत्तीला पाठ लावून उभा राहिला. उभ्या आयुष्यात त्यानं एवढ्या जोरात धाव घेतली नसेल. पाठीला ओल्या गोवऱ्या लागल्या, तेही त्याला कळलं नाही.

“काका, बाजूला व्हा,” विहंग म्हणाला. “कंपनीला नवी भिंत बांधून देऊ.”

“भिंत देसान भाऊ, हत्ती कोठून आनसान? अन् खाली बाई हाय! मावशी! ओ झुंबरमावशी! खाली हा का तुमी?”

“हाव! अन् इथून मी हलत नाई!”

खणतोय तिथे खाली बाई? त्यानं यंत्र बंद करायला लावलं आणि बेशरमाची झुडपं हातांनी बाजूला करत तो खाली उतरला. “आजी, चला वर. तुम्ही कशात बसलाय?” असं म्हणत त्यानं दोन मोळ्या बाजूला केल्या. मागे आणखी मोळ्या. त्याही केल्या. मागे अंधार, आणि अंधारातून वर वळत गेलेले माझे दगड. त्यानं मान वर केली. कमान त्याच्या डोक्यावरून जाऊन थेट हत्तीच्या पायाखाली टेकत होती. जिथे ती टेकत होती, तिथेच त्याचा चर होता.

त्यानं दगडाला हात लावून पाहिलं. “हा... हा पूल आहे!”

“मंग?” झुंबरबाई म्हणाली. “हत्ती हाय का?”

विहंग तिथेच, पऱ्हाटीवर, तिच्या शेजारी बसला. मित्रांनो, तो पोरगा मला तेव्हापासून आवडतो. तो चर बुजवून पळून जाऊ शकला असता. सगळा दोष यंत्रवाल्यावर ढकलू शकला असता. त्यानं खिशातून फोन काढला आणि आपल्या वरच्या इंजिनिअरला सांगितलं, “मॅडम, माझं चुकलंय. मी पुलाचाच खांदा खणलाय. लगेच या.”

इंजिनिअर इरा मॅडम संग्रामपूरहून आल्या. वयानं तरुण, बोलणं कमी, हातात एक लहान हातोडी. आल्या आल्या त्यांनी माझ्यावरची जड वाहनं थांबवली आणि खाली उतरून माझ्या दगडांवर हातोडीनं ठोकत ठोकत ऐकू लागल्या. कितीतरी वर्षांनी कोणीतरी मला ‘कसा आहेस?’ असं विचारत होतं. मी दगडा-दगडातून खरं खरं उत्तर दिलं.

“कमान अजून धरून आहे,” त्या वर येऊन म्हणाल्या. “पण खांदा उघडा पडलाय आणि पाया मोकळा. विहंग, जेवढी माती काढलीस तेवढी परत भरायची. ढकलून नाही. थराथरानं, पाणी मारून, जड धुम्मसानं ठोकून. चराच्या पोटाला पोती लावायची. कमानीखाली टेकू द्यायचे.”

“आणि पाइप, मॅडम?”

“पाइप खालच्या अंगाला, पुलापासून दूर, आपल्या पायांवर उभा राहून नाला ओलांडेल. या म्हाताऱ्याच्या अंगावर लटकायचं नाही आणि याच्या पायाशी खणायचंही नाही.” मग त्यांनी सातपुड्याकडे पाहिलं. तिथे ढग काळे झाले होते. परतीच्या पावसाचे. “नाला यायच्या आत हे व्हायला हवं. आपल्या मजुरांच्यानं होणार नाही. गावातली माणसं लागतील. हा पूल कोणाचा?”

सगळ्यांनी अर्जुनरावांकडे पाहिलं. टपरीवरच्या व्यापाऱ्यानंही पाहिलं, आणि चहाचा घोट घेतला.

“नाई नाई, आपलं काई...” सवयीनं अर्जुनरावांच्या तोंडून निघालं. मग त्यांची नजर शेतांकडे गेली, जिथे कापूस फुटून उभा होता. मग माझ्याकडे. त्यांनी टोपी सारखी केली. “आपला हाय,” ते म्हणाले. “मॅडम, पूल आपला हाय. सगळ्यायचा हाय.”

अर्जुनरावांच्या तोंडून हो ऐकून दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढी मोठी घटना गावात पूर्वी झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मग जे सुरू झालं, ते पाहायला तुम्ही हवे होता. अर्जुनरावांच्या नव्या घराचा स्लॅब टाकायचा होता, त्याचे लाकडी टेकू त्यांनी ट्रॅक्टरवर घालून आणले. घराघरातून खताची रिकामी पोती आली, त्यांत मुरूम भरला गेला. वेचणी सोडून बाया आल्या आणि मधल्या कमानीपुढचं बेशरम कापून त्यांनी पाण्याला वाट मोकळी केली. ज्या यंत्रानं माझी माती काढली होती, तेच आता शहाण्यासारखं थोडी थोडी परत घालू लागलं. विहंग स्वतः धुम्मस घेऊन ठोकत होता. पिवळी टोपी कुठे गेली, ते त्याला ठाऊक नव्हतं. ती एका शेळीला सापडली होती.

अडचण एकच उरली. टेकू लावायचे तर कमान रिकामी हवी आणि झुंबरबाई पऱ्हाटीवरून उठेना.

“माही पऱ्हाटी भिजली त चूल कशानं पेटवू? तुह्या हातोडीनं?”

इरा मॅडम काही बोलायच्या आत कादर पुढे झाला. “मावशी, माह्या घरी आना. ओसरी मोठी हाय.”

“तुह्या घरी? अन् खुर्शीदा काय म्हनन?”

मागून कादरची बायको खुर्शीदा बोलली, “म्या काय म्हनू? आमच्या घरात रंगाचे डबे हायत, ब्रश हायत, तुमची पऱ्हाटी जड झाली का? उठा मावशी, एक मोळी माह्या डोक्यावर द्या.”

झुंबरबाई उठली. उठता उठता कादरला म्हणाली, “पन गोवऱ्या मी हत्तीवरच थापीन. सांगून ठिवते.”

“थापजा व मावशी. आधी हत्ती उभा त राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नाला आला. आधी त्याचा आवाज आला, मग वास आला, मग तो. लाल-काळं पाणी, त्यावर ओंडके. दोन्ही काठांवर माणसं उभी. पहिला ओंडका मधल्या कमानीच्या खांबावर आदळला आणि मी मुळापासून थरारलो. पाणी चढलं, गावाकडच्या कमानीत शिरलं, पोत्यांना भिडलं. एक पोतं सुटून वाहून गेलं. काठावर कोणाचा तरी श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. कादरचा असावा. हत्ती त्याचा होता.

मी खांद्यामागे रेलून पाहिलं. माती होती. ओली, नवी, पण ठासलेली. गावानं धुम्मसाच्या प्रत्येक ठोक्यासरशी माझ्यात आपलं वजन भरलं होतं. मी दगडाला दगड भिडवला, दात-ओठ खाल्ले, आणि नाल्याला म्हणालो, ये. किती येतोस ते पाहू.

तो आला. दिवसभर येत राहिला. बाभळीचं एक अख्खं झाड घेऊन आला आणि ते मोकळ्या केलेल्या मधल्या कमानीतून निमूट निघून गेलं. दिवस कलताना तो थकला, उतरला, आणि मागे चिखल आणि परत एका पायातली चप्पल ठेवून निघून गेला.

इरा मॅडम चिखलातून खाली गेल्या. ठोकून पाहिलं, कान लावून ऐकलं. मग वर येऊन इतकंच म्हणाल्या, “जागचा हलला नाही.”

काठावर जो ओरडा उठला, त्यानं टपरीवरची पत्र्याची शेड हादरली. मी मात्र हादरलो नाही.

माझे सांधे पुन्हा चुन्यानं भरेपर्यंत आणि तो चुना धरेपर्यंत कापूस घरात थांबला. टपरीवरचा व्यापारी दारोदार जाऊन आला. ‘थांबतो आमी,’ असं त्याला सगळ्या दारांतून ऐकायला मिळालं. मग इरा मॅडमनी आधी रिकामी गाडी सोडली, मग भरलेली, आणि शेवटी ट्रक. वेचणीच्या सुरुवातीला आमच्याकडे शेतात दहीभात ठेवून सीतादही करतात. त्या वर्षी झुंबरबाईनं तसाच दहीभाताचा एक वाटा ट्रक निघायच्या दिवशी माझ्या पायाशी आणून ठेवला. पहिला ट्रक माझ्या पाठीवर चढला, तेव्हा हलगी वाजत होती. कापसाचे पुंजके बाभळींवर उडत होते. बारीक वर्षांनंतर ट्रक असा भरलेला होता, की दोर कमी पडला होता. तो भार माझ्या कमानीवर आला आणि कमान घट्ट झाली. मित्रांनो, माझ्या जन्मात मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. व्यापाऱ्यानं चहा अर्धाच सोडला. टपरीवाला म्हणतो, असं पहिल्यांदाच झालं.

आज माझ्या खालच्या अंगाला, जरा दूर, पाइप आपल्या पायांवर उभा आहे आणि त्यातून गोडं पाणी गावात जातं. आमची चांगली मैत्री आहे. तो माझ्या अंगाला लागत नाही आणि मी त्याला सावली देतो. विहंग जिल्ह्यात दुसरीकडे कामाला गेला, पण या रस्त्यानं जाताना गाडी थांबवून खाली वाकून पाहतो. नव्या मजुरांनाही तसंच करायला लावतो.

हत्तीची सोंड कादरनं नव्यानं काढली, पूर्वीपेक्षा लांब. कंपनीचं वचन मात्र पुसलं. त्या जागी, अर्जुनरावांच्या सांगण्यावरून, मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘हा पूल आहे. आमचा आहे. खणण्याआधी खाली वाकून पाहा.’ माझ्या अंगावर आजवर जेवढं लिहिलं गेलं, त्यात खरं निघालेलं हे पहिलं.

तेवढंच माझंही मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या गावात नळ येऊ द्या, तारा येऊ द्या, रस्ते रुंद होऊ द्या. फक्त कुदळ मारण्याआधी ती कोणाच्या खांद्यावर बसणार आहे, ते बघा. जुना पूल बोलत नाही. आणि त्याच्यावर हत्ती काढलेला असला, तर दिसतही नाही.

पऱ्हाटी आता कादरच्या ओसरीवर असते. गोवऱ्या मात्र अजून माझ्याच कठड्यावर. हत्तीच्या पोटावर, पाठीवर, कानावर, एक तर थेट डोळ्यावर. झुंबरबाईला वाचता येत नाही. पण जवळ येऊन पाहा, अक्षरांवर तिची एकही गोवरी नाही.